नाल कोण घेतो? आखाजीच्या डावापासून कॅसिनोपर्यंतचा इतिहास

"पीएचडी करतोयस आणि विषय जुगार?" हा प्रश्न आता पाठ झाला आहे. गावाकडे तो हसत विचारला जातो, विद्यापीठात जरा गंभीर चेहऱ्याने. त्यामागची शंका मात्र एकच असते: जुगार हे व्यसन आहे, गुन्हा आहे, त्यावर भाषण होऊ शकतं, पण इतिहास कसला लिहिणार?

ज्यांना पुढे संशोधन करायचं आहे, पेट किंवा नेटची तयारी चालू आहे आणि विषय कसा निवडायचा याची चिंता आहे, त्यांच्यासाठी आजची पोस्ट आहे. कॅसिनोचा इतिहास सांगतो, पण सुरुवात व्हेनिस किंवा लास वेगासपासून न करता नंदुरबारपासून करतो. आपल्या जिल्ह्यात एकही कॅसिनो नाही. कॅसिनो म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला त्यामुळेच सोपं जातं.

आधी एक शब्द: नाल

पत्त्यांच्या डावात बसलेल्या कोणालाही हा शब्द सांगावा लागत नाही. जो जागा देतो, चटई टाकतो, पत्त्यांचे जोड आणतो, चहापाणी बघतो, तो प्रत्येक डावातून काही रक्कम बाजूला काढतो. ती नाल. जिंकणारा बदलत राहतो, हरणारा बदलत राहतो, नाल घेणारा तोच राहतो.

याचा हिशोब करून बघू. पाच जण प्रत्येकी १००० रुपये घेऊन बसले. म्हणजे चटईवर एकूण ५००० रुपये आले. प्रत्येक डावात सरासरी ५०० रुपये जमतात आणि त्यातून पाच टक्के, म्हणजे २५ रुपये नाल निघते. चाळीस डाव झाले की नालीत १००० रुपये जमा. पाच माणसांनी आणलेल्या पैशाचा पाचवा हिस्सा खेळ न खेळणाऱ्या माणसाकडे गेला. रात्रभर डाव चालला तर सकाळी सगळेच "आज हरलो" म्हणत उठतात आणि मग जिंकलं कोण हे कोणालाच कळत नाही.

नाल नसेल तर जुगारात पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. नाल आली की पैसा चटईबाहेर जायला लागतो. माझा मुद्दा थोडक्यात असा: कॅसिनोचा इतिहास हा खेळांचा इतिहास कमी आणि नालीचा इतिहास जास्त आहे. नाल कोणी घ्यायची, किती घ्यायची, कोणाकडून घ्यायची आणि कोणाकडून घ्यायची नाही, यावर राजे, न्यायालयं आणि सरकारं गेली दोन हजार वर्षं भांडत आली आहेत.

बेहड्याची फळं आणि राजाचा अधिकारी

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ३४ वं सूक्त जुगाऱ्याचं आहे, त्याला अक्षसूक्त म्हणतात. त्यात जुगारी स्वतः बोलतो. बायको दूर झाली आहे, सासू तिरस्कार करते, कर्ज झालं आहे, रोज ठरवतो की आज जायचं नाही, आणि फाशांचा आवाज कानावर पडला की पाय तिकडेच वळतात. आज व्यसनमुक्ती केंद्रातला समुपदेशक जे ऐकतो, जवळपास तेच.

आपल्यासाठी यात एक गंमत आहे. त्या काळचे 'अक्ष' म्हणजे आजच्यासारखे ठिपक्यांचे चौकोनी फासे नव्हते. ती विभीदक झाडाची फळं होती. विभीदक म्हणजे आपला बेहडा, सातपुड्यात हिरड्याबरोबर गोळा होतो तोच. अक्राणी-तोरणमाळच्या जंगलात जे फळ आज औषधासाठी वेचलं जातं, त्या जातीच्या फळांनी वैदिक काळात माणसं संसार हरत होती.

पुढे धर्मशास्त्रात दोन मतं दिसतात. मनू राजाला सांगतो की द्यूत आणि समाह्वय दोन्ही राज्यातून हद्दपार कर. निर्जीव वस्तूंनी खेळतात ते द्यूत, आणि कोंबडे-मेंढे असे प्राणी झुंजवून पैज लावतात ते समाह्वय. याज्ञवल्क्याची भूमिका वेगळी आहे. त्याच्याकडे जुगाराची जागा चालवणारा 'सभिक' आहे, तो पाच ते दहा टक्के घेतो आणि त्यातला ठरलेला भाग राजाला देतो. म्हणजे नाल आहे आणि तिच्यावर करही आहे.

कौटिल्याचं अर्थशास्त्र तर याहून स्पष्ट आहे. तिथे द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी, त्याच्या देखरेखीखाली खेळायचा. दुसरीकडे खेळताना सापडला तर १२ पण दंड. जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच अध्यक्षाचे. फाशांचं भाडं वेगळं, पाणी आणि जागेचे पैसे वेगळे. आणि हे सगळं कशासाठी? कौटिल्य कारण देतो: लपूनछपून उपजीविका करणारे लोक सापडावेत म्हणून. म्हणजे महसूल आणि पाळत, दोन्ही एकाच छताखाली. परवाना, प्रवेशद्वार, कॅमेरे, कर अशी आजच्या कॅसिनोची यादी केली तर कौटिल्याला त्यात नवीन काही वाटलं नसतं.

सणाची सूट: व्हेनिसचा कार्निव्हल आणि खान्देशची आखाजी

युरोपात सरकारी मान्यतेचं पहिलं प्रसिद्ध जुगारघर म्हणजे व्हेनिसचं रिदोत्तो. ते १६३८ मध्ये उघडलं. कार्निव्हलच्या दिवसांत शहरभर चोरून जुगार चालायचा. थांबवता येत नाही, तर मग एका वाड्यात आणून बसवा, असा विचार झाला. खेळणाऱ्यांनी मुखवटे घालायचे. १७७४ मध्ये ते बंद झालं. कॅसिनो हा शब्दही इटालियनच, 'कासा' म्हणजे घर, त्याचं लघुरूप. छोटं घर.

इथे थांबून आपल्याकडे बघा. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याला, परंपरेत द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे. शिव-पार्वती सारीपाट खेळतानाचं शिल्प वेरूळच्या लेण्यांत आहे. वर्षभर जे निषिद्ध, ते एखाद्या दिवशी चालतं, किंबहुना शुभ मानलं जातं. अशी 'सणाची सूट' जगभर दिसते.

खान्देशात ही सूट आखाजीला मिळते. अक्षय्य तृतीया म्हणजे इतरत्र सोनं घ्यायचा दिवस. आपल्याकडे ती आखाजी. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पितरांसाठी आगारी टाकली जाते, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. आणि पुरुषांचे पत्त्यांचे डाव बसतात. हे आपल्याकडे उघड गुपित आहे. त्या दिवसांत जुगारावरच्या छाप्यांच्या बातम्याही स्थानिक दैनिकांत येतात.

आता संशोधकाने विचारायचा प्रश्न: आखाजीलाच का? "परंपरा आहे" हे उत्तर नाही, तो प्रश्नच दुसऱ्या शब्दांत सांगणं आहे. मला तीन कारणं दिसतात. एक, वैशाखात शेत रिकामं असतं, पेरणीला वेळ असतो. दोन, कापूस विकून झालेला असतो, हातात थोडा पैसा असतो. तीन, खान्देशात सालदाराचं वर्ष आखाजीला बदलतं. जुना हिशोब मिटतो, नवा करार होतो, उचल मिळते. वर्षभर ज्याच्या हातात रोख पैसा क्वचित येतो त्याच्या हातात त्या एका आठवड्यात रोख येते. आणि समोर संपूर्ण पावसाळा अनिश्चित पडलेला असतो.

कोरडवाहू शेतकरी वर्षभर जे करतो तेही डाव लावणंच असतं, फक्त फासा पावसाच्या हातात असतो. आखाजीचा डाव त्या मोठ्या डावाची छोटी नक्कल आहे, असं मला वाटतं. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने बालीमधल्या कोंबडझुंजीवर लिहिताना असंच काहीसं मांडलं होतं: लोक तिथे पैशापेक्षा जास्त काहीतरी पणाला लावतात, आणि स्वतःच्या समाजाची गोष्ट स्वतःलाच सांगतात. त्याचा तो निबंध १९७२ चा आहे. संशोधन पद्धती शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे.

पण गीर्ट्झ वाचून भारावून जाऊ नका. सालदाराने उचल हरली तर पुढचं वर्ष तो त्याच मालकाकडे बांधला जातो. झोक्यावर गाणं म्हणणाऱ्या बाईला त्या रात्रीचा हिशोब सकाळी कळतो. 'सांस्कृतिक अर्थ' शोधताना हा हिशोब वहीतून गळून पडला तर ते संशोधन अपुरं आहे.

१८८७ चा कायदा: बंदीची यादी वाचा

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यासाठी १८८७ मध्ये जुगार प्रतिबंधक कायदा झाला. तोच कायदा दुरुस्त्या होत होत आजही महाराष्ट्रात लागू आहे. नवापूरचं रेल्वे स्थानक तुम्हाला माहीत असेलच, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, पण जुगाराचा मूळ कायदा फलाटाच्या दोन्ही टोकांना तोच, १८८७ चाच राहिला. तिकडे सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात गेलात की १८६७ चा कायदा. सीमेवरच्या जिल्ह्याला असा फायदा असतो, तुलनेसाठी लांब जावं लागत नाही.

हा कायदा मी विद्यार्थ्यांना नेहमी एका खास हेतूने वाचायला सांगतो. कायद्याने ज्या गोष्टींवर बंदी घातली त्यांची यादी म्हणजे त्या काळात लोक काय करत होते त्याची यादी. कोणीही न करणाऱ्या गोष्टीवर कोणी बंदी घालत नाही.

त्या यादीत काय सापडतं? कापसाच्या, अफूच्या बाजारभावावरचा सट्टा. तो भाव सांगणाऱ्या आकड्यांतल्या अंकांवरचा सट्टा. शेअरच्या भावावरचा सट्टा. पाऊस पडेल की नाही, किती पडेल, यावरचा सट्टा. मुंबईत पावसाचा सट्टा इतका जोरात होता आणि मूळ कायद्याच्या शब्दांतून असा निसटत होता, की १८९० मध्ये दुरुस्ती करावी लागली. म्हणजे खान्देशचा शेतकरी ज्या दोन गोष्टींवर जगतो, कापूस आणि पाऊस, त्या दोन्हींवर मुंबईत पैजा लागत होत्या आणि दोन्ही कायद्यात नोंदल्या गेल्या.

दुसरी गोष्ट. या कायद्यात 'जुगाराचा अड्डा' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. तिचा गाभा असा: जिथे जागेचा मालक किंवा ती चालवणारा आपल्या फायद्यासाठी जुगाराची साधनं ठेवतो किंवा वापरू देतो, ती जागा. म्हणजे कायद्यालाही नालच महत्त्वाची वाटते. मित्राच्या घरात दार लावून, नाल न काढता बसलेला डाव या व्याख्येत सहजासहजी बसत नाही. पण रस्त्यावर, सार्वजनिक जागी खेळणाऱ्यांना पकडण्यासाठी वेगळं कलम आहे. तिथे नालीची अटच नाही.

याचा परिणाम काय होतो बघा. ज्याच्याकडे बंगला आहे तो दिवाणखान्यात खेळतो. ज्याच्याकडे एका खोलीत सहा माणसं झोपतात तो पिंपळाखाली खेळतो. खेळ तोच, पत्ते तेच. पोलीस डायरीत मात्र पिंपळाखालचाच माणूस येतो. उद्या कोणी फक्त पोलीस नोंदी बघून प्रबंध लिहिला तर "जुगार ही गरिबांची सवय आहे" असा निष्कर्ष निघेल. स्रोत खोटं बोलत नाहीये, तो फक्त एका दिशेलाच बघतोय.

कापसाचा आकडा परत गावात येतो

खान्देशचा कापूस आणि मुंबई यांचं नातं जुनं. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, अमेरिकेचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअर्सचं वेड लागलं, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. पुढे ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत, नंदुरबार, अमळनेर जोडले गेले, आणि कापूस बाहेर जायला आणखी एक वाट मिळाली.

कापूस गेला, आकडा आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले सुरुवातीचे आणि शेवटचे भाव मुंबईत यायचे, आणि त्यातल्या अंकांवर लोक पैसे लावायचे. त्याला 'आकडा' म्हणायचे. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणं थांबलं. खेळ मात्र थांबला नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळी मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रीने न्यू वरळी मटका. आता कापूसही नको, न्यूयॉर्कही नको. पत्त्यांतून तीन पत्ते काढायचे, बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे ओपन, पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. गिरण्यांतल्या कामगारांपासून हा खेळ पसरला तो तालुक्याच्या गावातल्या पानटपरीपर्यंत. आकडा छापणं, प्रसिद्ध करणं हा वेगळा गुन्हा करावा लागला, यावरून पसारा किती वाढला होता ते कळतं.

मटका म्हणजे इमारत नसलेला कॅसिनो. चिठ्ठी पानटपरीवर, निकाल मुंबईत, आणि नाल शेवटी बुकीकडे. आता कॅसिनोशी त्याची तुलना करू, कारण "कॅसिनोत लुटतात" किंवा "कॅसिनोत फेअर असतं" अशी दोन्ही वाक्यं आपण ऐकतो.

मटक्यात एका अंकाला सहसा नऊपट मिळतात. शक्यता दहात एक. १०० रुपये लावले तर दीर्घकाळात सरासरी ९० परत येतात, १० जातात. युरोपियन रुलेटच्या चाकावर ३७ घरं असतात, आणि एका घरावर लावलेल्या १०० चे जिंकल्यास एकूण ३६०० होतात. म्हणजे सरासरी ९७ रुपये ३० पैसे परत, २ रुपये ७० पैसे नाल. कॅसिनो स्वस्त वाटतो ना? आता वेळ मोजा. एका बाजाराचा मटका दिवसात दोनदा निघतो, म्हणजे १०० च्या दोन बोल्यांत २० रुपये गेले. रुलेटच्या टेबलावर तासाला ३० फेऱ्या धरल्या आणि प्रत्येक फेरीत १०० लावले, तर तासाला सरासरी ८१ रुपये गेले, चार तासांत ३२४. कॅसिनोची नाल दिसायला बारीक असते, पण ती पुन्हा पुन्हा काढली जाते. तुम्ही किती वेळ बसता, हे तिथे तुमच्या नशिबापेक्षा महत्त्वाचं आहे.

मग माणूस जातो कशाला?

गणित इतकं साधं असेल तर आकर्षण कसलं, हा खरा प्रश्न आहे. "लोभ" हे एका शब्दातलं उत्तर मला पटत नाही.

१९१३ च्या ऑगस्टमध्ये माँटे कार्लोच्या कॅसिनोत एका टेबलावर चेंडू सलग २६ वेळा काळ्या रंगावर पडला. लोक लाल रंगावर पैसे वाढवत गेले, कारण "आता तरी लाल यायलाच हवा". चाकाला आधीचं काही आठवत नसतं, आठवण माणसाला असते. मटक्याचे जुने आकडे वहीत लिहून त्यावरून उद्याचा आकडा काढणारा माणूस हेच करतो. त्याला अडाणी म्हणण्याआधी बघा, तो करतोय काय? नोंदी ठेवतोय, आकृतिबंध शोधतोय, भाकीत करतोय. आपण संशोधक जे करतो तेच, फक्त तिथे शोधायला काही नाही.

आणखी एक गोष्ट. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनने नेवाडातल्या कॅसिनोंचा जवळून अभ्यास केला होता. १९६७ च्या निबंधात तो म्हणतो ते असं: रोजचं आयुष्य जपून जगावं लागतं, धोका टाळावा लागतो, त्यामुळे धैर्य दाखवायची जागाच उरत नाही. जुगाराचं टेबल ती जागा विकत देतं. आखाजीच्या डावात सगळं हरूनही हसत उठणाऱ्याचं गावात कौतुक होतं, ते यामुळेच. आणि टेबलावर सालदार आणि मालक शेजारी बसतात, पत्ता दोघांना सारखाच वाटला जातो. वर्षात असे दिवस किती?

नताशा डाऊ शूल यांनी लास वेगासच्या यंत्रांवर २०१२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलेलं चित्र याच्या उलट आहे. यंत्रासमोर तासन्तास बसणाऱ्याला जिंकायचंही नसतं. त्याला फक्त खेळत राहायचं असतं, बाकीचं जग बंद व्हावं म्हणून. तिथे धैर्य नाही, शेजारी नाही, कौतुक नाही. एकटा माणूस आणि पडदा. हे वाचताना मला कॅसिनोपेक्षा मोबाईल जास्त आठवतो.

दोन १९७६, दोन वाटा

आता महाराष्ट्राची गोष्ट, जी फार कमी जणांना माहीत असते. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कॅसिनो नियंत्रण आणि कर कायदा केला. म्हणजे कॅसिनोला परवाना द्यायचा, त्यावर कर घ्यायचा, असा कायदा. पण तो लागू झाला का? नाही. कायदा कधीपासून अंमलात येईल ती तारीख सरकारने अधिसूचना काढून ठरवायची होती. ती अधिसूचना निघालीच नाही. तब्बल ४७ वर्षं कायदा पुस्तकात होता आणि कॅसिनो एकही नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं आणि पुढे विधिमंडळात तसं विधेयक मंजूर झालं.

त्याच १९७६ मध्ये गोवा, दमण आणि दीवसाठी सार्वजनिक जुगार कायदा झाला, तो बंदीचा. पण १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मिळाली, आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलाच्या खेळांना. आज पणजीत मांडवीच्या पात्रात दिवे लावून उभी असलेली जहाजं त्या दुरुस्त्यांतून आली. ज्या राज्याने परवान्याचा कायदा केला तिथे कॅसिनो नाही, आणि ज्याने बंदीचा कायदा केला तिथे ते आहेत. म्हणून कायद्याचं नाव वाचून इतिहास लिहू नका. कलम, दुरुस्ती आणि अधिसूचना तिन्ही बघा.

गोव्यात १ फेब्रुवारी २०२० पासून स्थानिक गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी करण्यात आली. यातही नवीन काही नाही. १८६३ पासून माँटे कार्लोचा कॅसिनो उभा राहिला तो मोनॅकोचं रिकामं कोठार भरण्यासाठी, आणि मोनॅकोच्या स्वतःच्या नागरिकांना तिथे खेळायला मनाई आहे. हिशोब सरळ आहे: पाहुण्याकडून नाल घ्यायची, घरच्या माणसाचा संसार वाचवायचा. नेवाडाने १९३१ मध्ये मंदीच्या काळात जुगार कायदेशीर केला तेव्हा मात्र घरचे-बाहेरचे असा भेद ठेवला नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली, तिचं तिकीट तर मुख्यतः आपलेच लोक घेतात. तिथे सभिकही सरकार आणि राजाही सरकार.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये, चमारबागवाला खटल्यात, जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही असं सांगितलं. प्रश्न वर्तमानपत्री शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा होता, आणि निकालात ऋग्वेद, महाभारत, मनू, याज्ञवल्क्य यांचे दाखले आले. मग १९६८ मध्ये त्याच न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पत्तीला नशिबाचा. त्या एका फरकावर पुढे मोबाईलवरच्या रमीचा सगळा धंदा उभा राहिला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद केले. धडगावच्या पाड्यावर कॅसिनो कधी पोहोचला नव्हता, पण मोबाईल पोहोचला होता. त्यात नाल घेणारा दिसत नव्हता, चटई दिसत नव्हती, आखाजी संपली म्हणून डाव उठतही नव्हता.

सणाची सूट आणि कायमची सूट यातला फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. व्हेनिसच्या कार्निव्हलला शेवट होता. आखाजीच्या डावाला पहिल्या पावसाचा शेवट असतो, पेरणीला जावंच लागतं. कॅसिनोने आणि नंतर मोबाईलने जे बदललं ते हे की त्यांनी कॅलेंडर काढून टाकलं.

तुमच्यासाठी काम

या विषयात नंदुरबार जिल्ह्यापुरतं बघितलं तरी करण्यासारखं बरंच आहे. सालदारीचे करार आणि आखाजीचे डाव यांचा संबंध गावागणिक तपासता येईल. झोक्यावरच्या गाण्यांत पुरुषांच्या डावांबद्दल बायका काय म्हणतात ते गोळा करता येईल, कारण पोलीस नोंदीत त्या कुठेच नाहीत. नवापूरच्या अलीकडे-पलीकडे एकाच मूळ कायद्याची अंमलबजावणी कशी वेगळी झाली ते न्यायालयीन नोंदींतून दिसू शकेल. तालुक्याच्या गावातला मटका कधी वाढला आणि कधी ओसरला, याची आठवण असलेली पिढी आता सत्तरी ओलांडते आहे. त्यांच्याशी बोलायला उशीर करू नका. बोलताना मात्र नावं लिहू नका, कारण तुमच्यासाठी जी मुलाखत आहे ती त्यांच्यासाठी गुन्ह्याची कबुली ठरू शकते.

आणि कुठल्याही खेळाचा, बाजाराचा, योजनेचा अभ्यास करायला घेतलात तर वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहून ठेवा. जिंकलं कोण, हरलं कोण हे नंतर बघू. आधी नाल कोणी घेतली ते शोधा.